लिंका लावणारा दुसरा, शिक्षा मला का?

प्रश्न : आमचा रत्नागिरीत आंबापोळी, कोकम आगळ आणि कुळथाचं पीठ विकण्याचा घरगुती व्यवसाय आहे. वेबसाइटवरून मुंबई-पुण्याची बऱ्यापैकी मागणी येते. मध्यंतरी एका ‘एसईओ’वाल्याचा, म्हणजे वेबसाइट शोधात वर आणून देणाऱ्याचा, फोन आला. ‘जुगाराच्या आणि अश्लील साइटवरून तुमच्याकडे शेकडो विषारी लिंका येताहेत. कुणीतरी प्रतिस्पर्धी हे करतोय. वेळेत साफ केलं नाही तर गुगल तुम्हाला काढून टाकेल,’ असं सांगून त्यानं साफसफाईचा महिन्याचा दरही सांगितला. मी वेबसाइटच्या मालकांसाठीचं गुगलचं सर्च कन्सोल उघडून पाहिलं, तर कधी नाव न ऐकलेल्या साइटची खरोखरच लांबलचक यादी निघाली. माझं कुतूहल असं, की दुसऱ्यानं त्याच्या पानावर माझा पत्ता लिहिला तर त्यात माझा काय दोष? त्याची शिक्षा गुगल मला का करेल? आणि करत असेलच, तर बचाव कसा करायचा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोष तुमचा नाही, आणि आजचं गुगल अशा लिंकांसाठी सहसा शिक्षाही करत नाही. ते त्या मोजणीतून वगळतं आणि पुढे जातं. मात्र काही वर्षं अशी होती, की वाईट लिंकांपायी चांगल्या चालत्या वेबसाइट रातोरात दिसेनाशा झाल्या. तुम्हाला आलेला फोन त्या वर्षांची भीती आजच्या दरानं विकतो आहे. ती भीती कुठून आली हे कळलं, की कशाकडे दुर्लक्ष करायचं आणि कशानं खडबडून जागं व्हायचं हेही कळतं.

लिंकेला किंमत कशी आली?

१९९०च्या दशकातली शोधयंत्रं प्रामुख्यानं पानावरचा मजकूर वाचत. त्यामुळे एकच शब्द पानभर शंभरदा लिहून, प्रसंगी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवून, पान वर चढवता येई. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी वेगळी वाट धरली. पानाचा मालक स्वतःबद्दल काय म्हणतो याच्या जोडीला इतर लोक त्या पानाकडे किती बोटं दाखवतात, हेही त्यांनी मोजायला घेतलं. १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथं भरलेल्या वेब परिषदेत त्यांनी हे मांडलं. या पद्धतीचं नाव पेजरँक.

विचाराचं मूळ ग्रंथालयांत होतं. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढच्या किती निबंधांनी केला, यावरून त्याचं वजन ठरवता येतं. अशा उल्लेखांची सूची युजीन गारफिल्ड यांनी १९६०च्या दशकातच काढायला सुरुवात केली होती. पेजरँकनं त्यात भर घातली. उल्लेख करणारा स्वतः किती वजनदार आहे आणि त्यानं एकूण किती जणांचे उल्लेख केले आहेत, हेही हिशेबात आलं. मोठ्या वर्तमानपत्राच्या पानावरची एक लिंक आणि हजार पत्ते कोंबलेल्या पानावरची एक लिंक यांची किंमत सारखी राहिली नाही.

हा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता. स्वतःच्या पानावर माणूस वाटेल ते लिहील, पण दुसऱ्याच्या पानावर आपल्याला हवं ते लिहून आणणं त्याला जमणार नाही. गुगलमध्ये वर येण्याला पैशाची किंमत आली, तसं हे गृहीतक ढासळलं. लिंका विकत मिळू लागल्या, भाड्यानं मिळू लागल्या, यंत्राकडून हजारोंनी तयार होऊ लागल्या.

दुसऱ्याच्या लिंकेचा पहिला गाजलेला फटका

दुसऱ्यांच्या लिंका मालकाच्या इच्छेविरुद्ध काय करू शकतात, हे २००३च्या अखेरीस जगानं पाहिलं. ‘दारुण अपयश’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द गुगलमध्ये टाकले, की पहिल्या क्रमांकावर येई व्हाइट हाउसच्या वेबसाइटवरचं राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचं अधिकृत चरित्र. त्या चरित्रात ते शब्द नव्हतेच. असंख्य लोकांनी ठरवून आपापल्या पानांवर ते दोन शब्द लिहिले आणि त्यांवर चरित्राच्या पत्त्याची लिंक लावली, एवढंच. या प्रकाराला ‘गुगल बाँब’ म्हणत. गुगलनं त्यावरचा सर्वसाधारण उतारा जानेवारी २००७ मध्ये आणला. दरम्यान, इतरांच्या पानांवर प्रतिक्रियांच्या रकान्यात लिंका चिकटवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. म्हणून जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ही खूण असलेल्या लिंकेचं माप पदरात टाकायचं नाही, असा तिचा अर्थ.

खरी कलाटणी मिळाली फेब्रुवारी २०११ मध्ये. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं नाव कपडे, चादरी-अभ्रे, गालिचे अशा कितीतरी शोधांत महिनोन्महिने सगळ्यात वर दिसत होतं, ऐन नाताळच्या खरेदीतसुद्धा. न्यूयॉर्क टाइम्सनं एका जाणकाराकडून तपास करून घेतला. कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या, कित्येक तर ओसाड पडलेल्या साइटवर पेनीच्या लिंका सापडल्या. कृत्रिम लिंका असलेली अशी पानं दोन हजारांच्या घरात होती. वर्तमानपत्रानं ही माहिती गुगलपुढे ठेवल्यावर गुगलनं माणसांकरवी कारवाई केली. एका ठरावीक प्रवासी बॅगेच्या शोधात संध्याकाळी सातला पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी दोन तासांत ७१व्या क्रमांकावर गेली.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते पेनीचं उत्तर. या लिंका आमच्या परवानगीनं लागलेल्या नाहीत आणि त्यांची आम्हाला कल्पनाही नव्हती, असं कंपनीनं सांगितलं आणि शोधयंत्रांचं काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला काढून टाकलं. कुणावर विश्वास ठेवायचा ते बाजूला राहू द्या. यातली अडचण पाहा : यंत्राला लिंक दिसते, पण ती लावण्यासाठी कुणाच्या खिशातून पैसे गेले ते दिसत नाही. मालकानं लावून घेतलेली खोटी लिंक आणि वैऱ्यानं मुद्दाम लावलेली खोटी लिंक बाहेरून अगदी सारखी दिसते.

पेंग्विनची चार वर्षं

ही अडचण तशीच असताना २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला. लिंकांची लबाडी आढळली, की ती वेबसाइट खाली ढकलायची. पहिल्याच फेरीत इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर परिणाम झाल्याचं गुगलनं सांगितलं. लिंका विकत घेऊन वर आलेले आपटलेच, पण त्यातून एक उफराटा धंदाही सुरू झाला. वाईट लिंकांनी माणूस बुडत असेल, तर त्या आपल्यासाठी घेण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात का घालू नयेत? याला ‘निगेटिव्ह एसईओ’ असं नाव पडलं आणि त्याचे दरफलक लागले. ‘पैसे द्या, नाहीतर तुमच्याकडे घाणेरड्या लिंका पाठवतो’ अशा धमकीच्या मेल येऊ लागल्या.

वेबसाइटवाल्यांनी आरडाओरडा केला. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी गुगलनं ‘डिसअव्हाउ’ हे साधन दिलं. ‘या लिंकांशी माझा संबंध नाही, त्या माझ्या खात्यात धरू नका,’ असं लेखी कळवण्याची ती सोय. पण पेंग्विनचा हिशेब रोज होत नसे, अधूनमधून फेरी निघे. सगळी घाण काढली तरी पुढच्या फेरीपर्यंत वाट बघणं आलं. २०१४च्या ऑक्टोबरनंतरची फेरी तर जवळपास दोन वर्षांनी आली. तेवढ्या काळात कितीतरी छोट्या व्यवसायांचा धीर आणि पैसा संपला. तुम्हाला फोनवर जे ऐकवलं गेलं, ते त्या काळात बऱ्याच अंशी खरं होतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विनची चौथी आवृत्ती आली आणि धोरण पालटलं. हिशेब सतत होऊ लागला. लबाड लिंक सापडली, की ती ज्या साइटकडे जाते तिला खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकेचं वजन शून्य धरायचं, असं ठरलं. पूर्वी ठरलेलं लग्न मोडायला निनावी पत्रं येत. शहाणे वडीलधारे ते पत्र वाचून मुलीच्या नावानं बोटं मोडत नसत, चुलीत टाकत. गुगललाही हे शहाणपण चार वर्षांनी सुचलं. डिसेंबर २०२२ पासून तर ‘स्पॅमब्रेन’ ही त्यांची यंत्रणा लिंका विकत घेणाऱ्या आणि केवळ लिंका पुढे सरकवण्यासाठी उभारलेल्या साइट ओळखून त्यांच्या लिंका निष्प्रभ करण्याच्या कामाला लागली आहे.

एक तलवार मात्र अजून टांगलेली आहे. पेनीवर झाली तशी माणसांकरवी होणारी कारवाई बंद झालेली नाही. ती होते तेव्हा तशी नोंद सर्च कन्सोलमध्ये मालकाला दिसते, ती चोरून होत नाही. म्हणून फोनवाल्यापेक्षा सर्च कन्सोलमधल्या ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ या पानावर विश्वास ठेवा. तिथं काही अडचण नाही असं लिहिलेलं असेल, तर लिंकांमुळे कुणा माणसानं तुमच्यावर कारवाई केलेली नाही.

तुमची यादी कशी वाचायची?

तुम्हाला दिसलेल्या अनोळखी साइटपैकी बहुतेकींना तुमच्याशी काहीच देणंघेणं नसतं. दुसऱ्यांचा मजकूर आणि फोटो आपोआप उचलणाऱ्या साइट असतात. जगातल्या प्रत्येक डोमेनबद्दल एकेक पान छापणाऱ्या असतात. शिवाय लिंका विकणारे लोक आपली गिऱ्हाइकं गर्दीत लपावीत म्हणून त्यांच्या आजूबाजूला चार सज्जन साइटच्या लिंकाही पेरतात. तुम्ही त्या चारांतले असू शकता. असा केरकचरा प्रत्येक चालत्या वेबसाइटच्या वाट्याला येतो.

म्हणून लिंक कुठून येते यापेक्षा ती तुमच्याकडच्या कोणत्या पानावर येऊन पोचते, ते आधी पाहा. सर्च कन्सोलच्या ‘लिंक्स’ या भागात हे दिसतं. त्यात चार शक्यता असतात.

पहिली : लिंक तुमच्या मुख्य पानाकडे किंवा आंबापोळीच्या पानाकडे येते, फक्त तिच्यावरचे शब्द घाणेरडे आहेत. ही दुर्लक्ष करण्याजोगी.

दुसरी : लिंक अशा पत्त्याकडे येते, जो तुमच्या वेबसाइटवर कधी नव्हताच, आणि तो उघडला तर ‘पान सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं. नसलेल्या पानाला मिळालेली लिंक कुणाच्याच कामाची नाही. पण लगेच निर्धास्त होऊ नका, कारण खरी परीक्षा पुढच्या शक्यतेत आहे.

तिसरी : तुम्ही न बनवलेलं पान खरोखरच उघडतं. त्यावर औषधांच्या गोळ्या, जुगार, बनावट ब्रँडच्या पर्स किंवा जपानी अक्षरांतला माल दिसतो. याचा अर्थ कुणीतरी तुमच्या वेबसाइटमध्ये शिरलं आहे. बाहेरच्या लिंका तुम्हाला बुडवायला आलेल्या नसून, तुमच्या घरात थाटलेल्या त्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक वळवायला आल्या आहेत. हा प्रकार ‘जपानी कीवर्ड हॅक’ या नावानं इतका माहीत आहे, की गुगलनं त्यावर वेगळी मार्गदर्शिका काढली आहे. यातली मेख अशी, की ही पानं कित्येकदा फक्त गुगलच्या यंत्राला दाखवली जातात. मालकानं उघडली तर ‘पान सापडलं नाही’ हेच दिसतं. त्यामुळे दुसऱ्या शक्यतेतला पत्ता सर्च कन्सोलच्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये टाकून गुगलला तिथं काय दिसतं ते तपासा. गुगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, कोलन आणि जागा न सोडता तुमचं डोमेन असं लिहूनही पाहा. तुमची म्हणून गुगलला माहीत असलेली पानं समोर येतात. पंचवीस पानांच्या वेबसाइटची हजारो पानं दिसली, तर कारण शोधायलाच हवं.

चौथी : लिंक तुमच्या वेबसाइटच्या अंतर्गत शोधाच्या पत्त्याकडे येते. तुमच्या शोधाच्या चौकटीत कुणी जुगाराच्या साइटचं नाव लिहिलं, की ‘अमुकतमुकसाठी निकाल’ असं पान तयार होतं आणि त्या पानाला तुमचं नाव व तुमची पत लाभते. इथं शिरकाव झालेला नसतो, उघड्या खिडकीचा फायदा घेतलेला असतो. शोधनिकालांच्या पानांवर ‘नोइंडेक्स’ ही, म्हणजे गुगलनं ते पान शोधात दाखवू नये असं सांगणारी, खूण लावायला तुमच्या वेबसाइटवाल्याला सांगा. ते थोडक्या वेळाचं काम आहे. तुमच्या पत्त्यातून थेट भलत्याच साइटवर नेणारी पुनर्निर्देशनाची वाट उघडी असेल, तर तीही बंद करून घ्या.

शिरकाव झालाच असेल तर

आधी होस्टिंग कंपनीला कळवा आणि आहे त्या स्थितीची एक प्रत काढून ठेवा, पुढे तपासाला लागते. होस्टिंग, वेबसाइटचं व्यवस्थापन, डेटाबेस आणि ईमेल या सगळ्यांचे पासवर्ड बदला. वापरात नसलेले प्लगिन काढा, उरलेले अद्ययावत करा. पैसे देऊन घ्यायची थीम कुणी ‘फुकटात’ बसवून दिली असेल, तर संशय आधी तिच्यावर घ्या. अशा थीममध्ये चोरदरवाजा ठेवून देणं ही नेहमीची रीत आहे.

सर्च कन्सोलमधली मालकांची यादी पाहायला विसरू नका. शिरलेला माणूस पुष्कळदा तिथं स्वतःला मालक म्हणून जोडून घेतो. त्यानं त्यासाठी ठेवलेली फाइल किंवा खूण आधी काढावी लागते, नाहीतर नाव काढूनही तो परत येतो. सफाई झाल्यावर ‘सिक्युरिटी इश्यूज’ या पानावर इशारा असेल, तर तिथूनच फेरतपासणीची विनंती करता येते. भारतात अशा घटना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवता येतात. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकयंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं.

डिसअव्हाउ कधी वापरायचं?

गुगलची स्वतःची अट दुहेरी आहे. तुमच्याकडे येणाऱ्या कृत्रिम लिंकांची संख्या मोठी असावी, आणि त्यांमुळे माणसांकरवी कारवाई झालेली असावी किंवा होण्याची दाट शक्यता असावी. दोन्ही गोष्टी असतील तरच हे साधन हातात घ्यायचं. बहुतेक वेबसाइटना त्याची गरज नाही, असं गुगलचे जॉन म्युलर वेळोवेळी सांगत आले आहेत. बिंगनं तर आपलं असंच साधन २०२३ मध्ये बंद करून टाकलं.

वापरायचंच ठरलं, तर आधी ज्या साइटच्या मालकांशी बोलणं शक्य आहे त्यांना लिंक काढायला सांगा. उरलेल्यांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक पत्ता अशी करा. अख्खं डोमेन नाकारायचं असेल, तर ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘डोमेन’ हा शब्द आणि कोलन लिहून लगेच नाव लिहायचं. एखाद्या साइटचा फक्त एक कप्पा नाकारण्याची सोय नाही. फाइल दोन एमबीपेक्षा आणि एक लाख ओळींपेक्षा मोठी चालत नाही. नवी फाइल चढवली, की जुनी पुसली जाते, म्हणून जुन्या यादीत भर घालूनच पाठवा. परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात. नाकारलेल्या लिंका सर्च कन्सोलच्या अहवालात दिसत राहतातच, त्यावरून फाइल पोचली नाही असं समजू नका.

धोका आहे तो उत्साहात केलेल्या सफाईचा. कोकणातल्या कुणा हौशी भटक्यानं त्याच्या ओबडधोबड पानावर तुमच्या आगळाचं कौतुक केलेलं असतं. साइट जुनाट दिसते म्हणून ती यादीत जाते. जी लिंक तुम्हाला वर धरून होती, तीच तुम्ही आपल्या हातानं तोडता. वाईट लिंकेचं वजन मुळातच शून्य धरलेलं, चांगली गेली आणि वर महिन्याचं बिल भरलं. असा हा सौदा होतो.

याच विषयावरचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : एका सॉफ्टवेअरनं आमच्या वेबसाइटचा ‘टॉक्सिक स्कोअर’ खूप जास्त दाखवला. तो गुगलचा नसतो का?

उत्तर : नाही. लिंका मोजून देणाऱ्या खासगी कंपन्या आपापल्या ठोकताळ्यांवर तो आकडा काढतात. गुगलकडे असा आकडा जात नाही आणि गुगलकडून येतही नाही. दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकाच वेबसाइटला वेगवेगळे गुण देऊ शकतात. कुठून नव्यानं लिंका आल्या हे कळायला ती उपयोगी आहेत. लाल रंग पाहून औषध घ्यायला धावण्यासाठी नाहीत.

प्रश्न : आमची वेबसाइट खरोखरच एकाएकी घसरली आणि त्याच सुमाराला घाणेरड्या लिंकाही दिसल्या. मग लिंकांमुळेच ना?

उत्तर : दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. मॅन्युअल अ‍ॅक्शन्स आणि सिक्युरिटी इश्यूज ही दोन पानं स्वच्छ असतील, तर इतर कारणं तपासा. गुगलनं त्या दिवसांत मोठा बदल जाहीर केला होता का? वेबसाइट नव्यानं बांधताना जुने पत्ते बदलले का? बांधकामाच्या वेळची ‘नोइंडेक्स’ खूण चुकून राहून गेली का? आणि हंगाम पाहा. आंब्याशी जोडलेला व्यवसाय जूननंतर घसरणारच.

प्रश्न : आम्ही पूर्वी एकाकडून ‘पाच हजार लिंका’ असं पॅकेज घेतलं होतं. आता काय करावं?

उत्तर : खरी जोखीम इथं आहे. बाहेरच्यानं लावलेल्या लिंकांपेक्षा स्वतः पैसे देऊन लावून घेतलेल्या लिंकांमुळे कारवाई ओढवण्याची शक्यता कितीतरी जास्त. गुगलनं यात स्वतःलाही सोडलेलं नाही. २०१२च्या सुरुवातीला क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात लिंक आढळली, तेव्हा क्रोमचं पानच निदान साठ दिवसांसाठी खाली ढकललं गेलं. ज्यानं लिंका लावल्या त्याच्याकडून यादी मागा आणि त्या काढायला लावा. ज्या निघणार नाहीत त्यांच्यासाठी डिसअव्हाउ योग्य आहे. कारवाई झालेलीच असेल, तर त्यानंतर पुनर्विचाराचा अर्ज करा आणि काय केलं ते सरळ लिहा. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घेणं मुळात गैर नाही. तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ खूण असावी, एवढीच अपेक्षा आहे.

प्रश्न : कुणीतरी वापरून सोडून दिलेलं छान नावाचं डोमेन मिळतंय. घ्यावं का?

उत्तर : आधी त्याचा पूर्वेतिहास पाहा. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तिथं कोणत्या साली काय होतं ते दिसतं. मधली दोन-तीन वर्षं जुगार किंवा औषधं विकली गेली असतील, तर मोह आवरा. घेतलंच असेल, तर सर्च कन्सोलमध्ये जोडून मॅन्युअल अ‍ॅक्शन्स तपासा. आधीच्या मालकावरची कारवाई डोमेनसोबत तुमच्याकडे येऊ शकते. डिसअव्हाउची खरी गरज पडते अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

प्रश्न : ‘पैसे पाठवा, नाहीतर लाखभर अश्लील लिंका लावू’ अशी मेल आली आहे.

उत्तर : पैसे देऊ नका, उत्तरही देऊ नका. दिलेत तर देणारा म्हणून तुमचं नाव यादीत चढतं. मेल पूर्ण तपशिलासह जपून ठेवा. धमकी देऊन पैसे मागणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेलेच असतील, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : ‘तुमच्या साइटवरची आमची लिंक काढून टाका’ अशी एका संस्थेच्या नावानं मेल आली. काढावी का?

उत्तर : आधी खात्री करा. हल्ल्याचा हाही एक प्रकार आहे. वाईट लिंका लावून फारसं साधत नाही म्हटल्यावर काही जण प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या लिंका कापायला निघतात. त्याच्या संस्थेच्या नावाशी मिळताजुळता मेलपत्ता घेऊन इतरांना अशी विनंती करतात. मेलला उत्तर देण्याऐवजी त्या संस्थेच्या वेबसाइटवरचा फोन क्रमांक घेऊन विचारा. तुमच्याही चांगल्या लिंका अशा कुणी काढायला लावल्या नाहीत ना, हे वर्षातून एकदोनदा पाहात जा.

प्रश्न : वेबसाइटला भेट देणाऱ्यांच्या अहवालात एका अनोळखी साइटवरून शेकडो पाहुणे आल्याचं दिसतं. ही वाईट लिंकच का?

उत्तर : बरेचदा लिंकही नसते आणि पाहुणेही नसतात. मालकानं कुतूहलापोटी त्या साइटवर जाऊन पाहावं, म्हणून अहवालात खोट्या भेटी नोंदवल्या जातात. तिथं टिचकी मारू नका. शोधातल्या तुमच्या क्रमांकाशी याचा संबंध नाही.

प्रश्न : एवढं सगळं बघायला आमच्यासारख्या छोट्या माणसाला वेळ कुठे? कमीत कमी काय करावं?

उत्तर : महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडून तीन गोष्टी पाहा. मॅन्युअल अ‍ॅक्शन्स आणि सिक्युरिटी इश्यूज या दोन पानांवर काही आलंय का, गुगलला माहीत असलेल्या पानांची संख्या एकदम फुगलीय का, आणि मालकांच्या यादीत अनोळखी नाव आहे का. त्यासाठी सर्च कन्सोल तुमच्या स्वतःच्या ईमेलवर असलं पाहिजे. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या ईमेलवर असेल, तर ते आजच आपल्या नावावर करून घ्या. डोमेनचंही तसंच. सगळीकडे दुहेरी पडताळणी लावा आणि वेबसाइटची प्रत होस्टिंगबाहेर कुठेतरी ठेवा.

आणि लिंका साफ करून देतो म्हणणाऱ्याचा फोन पुन्हा आला, तर त्याला एकच सांगा : ‘मॅन्युअल अ‍ॅक्शनची नोंद मला दाखवा.’ ती नोंद फक्त तुमच्या सर्च कन्सोलमध्ये दिसते. नोंद असेल, तर ती तुम्ही आधीच पाहिलेली असेल. नसेल, तर त्याच्याकडे दाखवायला काही नाही आणि तुमच्याकडे पैसे द्यायला कारण नाही.